उरलेलं पाणी

सोहारच्या कॉलेजात, तिसऱ्या मजल्यावरच्या लॅबमध्ये
एसी एवढा थंड की तस्नीम शालीतून बोटं काढून टाइप करायची,
आणि खाली पार्किंगमध्ये डांबर मऊ पडलेलं.
आम्ही चौघं. गेम चौथीच्या मुलांसाठी.
विषय: भागाकार.

मआथिर म्हणाली, फलज घेऊ.
तिच्या गावात डोंगराखालून चर खोदून आणलेलं पाणी
अजून वेळेवर वाटतात,
कुणाच्या बागेला अर्धा तास, कुणाला दीड.
मी म्हटलं, पाटाचं पाणी. पाणी-पाळी. आमच्याकडेही असते.
आमच्याकडे म्हणजे कुठे
हे तिने विचारलं नाही, बरं झालं.
मी पाट पाहिलाय तो बाबांच्या बोलण्यात,
रात्रपाळीहून आल्यावर, ॲल्युमिनियमचा वास अंगाला असताना.

लिजोने चित्रं घेतली.
पहिल्याच आठवड्यात एक गाढव काढलं,
कान हलवणारं, पापण्यासुद्धा मिटणारं.
गेममध्ये गाढवाला काही काम नव्हतं.
तस्नीम म्हणाली, काढ ते.
लिजो म्हणाला, उद्या.
त्याचे बरेच उद्या झाले.
मार्चमध्ये त्याच्या वडिलांचं कंत्राट संपलं
आणि चौघांचं काम तिघींत वाटून घेताना
आम्ही फार भांडलो. कागदी कपातला करक चहा
कुणाच्या तरी कीबोर्डवर सांडला.
माझ्याच हातून. तेव्हा कबूल केलं नव्हतं.

शुक्रवारी मआथिरच्या गावी गेलो.
तिचे आजोबा पूर्वी फलजचे पाणीवाटे.
चटईवर लॅपटॉप, बाजूला खजूर,
त्यांनी एका बोटाने सात वाटे तीन बागांना दिले.
दोन, दोन, दोन.
पडदा हिरवा झाला, मआथिरच्याच आवाजात शाबासकी आली.
आजोबा तसेच बसून राहिले.
मग पडद्याकडेच बघत विचारलं:
वल-बाकी?

मआथिर मला अर्थ सांगायला वळली.
मी म्हटलं, कळलं.
आईने फ्रिजच्या दारावर मार्करने शिकवलेला भागाकार:
भाज्य, भाजक, आणि सगळ्यात खाली
एकटी बसलेली बाकी.
मला तो आमच्या घरातला शब्द वाटायचा.
कुठल्या गलबतातून आला असेल,
हिशेब, वसूल, जमा यांच्या शेजारी दाटीवाटीने बसून,
आणि मी त्याच्या गावी येऊन
त्यालाच विसरले होते.
मी पूर्णांक घेतले होते. पूर्णांक भागताना
यंत्र उरलेलं टाकून देतं.
आवाजही करत नाही.

आजोबा म्हणाले, उरलेल्या पाण्याचा आम्ही लिलाव करायचो,
त्या पैशात चर दुरुस्त व्हायचा.
रागावले नव्हते. फक्त
एक वाटा कुठे गेला ते त्यांना कळेना.

दुरुस्ती एका ओळीची होती.
पडद्याच्या कोपऱ्यात एक हौद आला, बाकी त्यात साठू लागली.
लिलाव चौथीच्या मुलांना कसा समजावायचा?
रात्रीचे दोन वाजलेले.
तस्नीमनेच, काही न बोलता,
गाढव उचलून हौदापाशी ठेवलं.

सरांनी पंचवीसपैकी सतरा दिले. शेरा होता:
गाढवाचं शैक्षणिक उद्दिष्ट स्पष्ट नाही.
लिजोला कोट्टयमला फाइल पाठवली.
दोन दिवसांनी उत्तर आलं: कान हलतात ना नीट?

हलतात, लिजो.
गावच्या शाळेत हैसम नावाचा एक मुलगा
तिन्ही बागांना एकेकच वाटा देत होता.
पडदा लाल. पुन्हा एकेकच. पुन्हा लाल.
बाईंनी सांगितलं, अरे, दोन-दोन जातात.
माहितेय, तो म्हणाला,
आणि चार वाटे हौदात सोडून
गाढव पाणी पितं ते बघत बसला.
आम्ही तिघी त्याच्या मागे उभ्या होतो.
चूक कुणीच दाखवली नाही.