निरंक

पुण्याहून सासवडला हुकूम आला, सासवडहून मला:
पावसाच्या जुन्या वह्या संगणकावर चढवा,
एकही रकाना मोकळा सोडू नये.

कपाटातून अकरा रजिस्टरं निघाली,
कसर लागलेली, एकाला उंदराच्या लेंड्यांचा वास.
अक्षर सगळं एकाच हाताचं,
गेनू बाळा खोमणे, कोतवाल.
सकाळी साडेआठला चावडीमागं जायचं,
नरसाळं उचलायचं, पाणी काचेच्या नळीत ओतायचं,
डोळा रेषेशी आणून वाचायचं.
आधी इंच नि सेंट, मग मिलिमीटर.

गाव पर्जन्यछायेतला. पानंच्या पानं
निरंक, निरंक, निरंक.
शब्द इतका घोटलेला
की एका जुलैत शेवटी नुसती रेघ उरलीय.

मधूनच आकडा. पुढं शेरा, कुणी न मागितलेला:
६२. ओढा पुलावरून. माळ्याचं कांद्याचं बी गेलं.
४१. शेळीनं डबा पाडला, अंदाजे.
८८. मशिदीच्या पायरीवर मासा.
१०४. रेशनची साखर वाहिली. काठाला आठ दिवस मुंग्या.

मग ऑक्टोबरातलं एक पान.
तारीख आहे, वेळ आहे, सही आहे.
आकड्याच्या जागी काहीच नाही.

हौसाबाईंना विचारलं, गेनूच्या सुनेला.
"किती म्हंजे? पाटा गेला वाहून,
वरवंटा तेवढा राहिला. आता तुम्हीच मोजा."
शब्बीर तांबोळी म्हणाला, वडील सांगायचे,
भैरोबाच्या दीपमाळेला, वरून तिसऱ्या हाताला,
कुणाची तरी चोळी अडकलेली.
वर्षभर कुणी काढली नाही.
यमाजी जगताप काही बोलला नाही.
हात वर करून उभा राहिला, बराच वेळ,
मग खाली घेतला.
त्याची बहीण पलीकडच्या काठावर होती.

"आणि मापक?"
"मापकच गेलं की.
मामंजी साडेआठला गेले बरोब्बर.
तारेचं कुंपण नाही, चौथरा नाही.
चिखलात उभं राहून घड्याळ बघितलं,
घरी आले, तारीख घातली, सही केली.
नळी चार महिन्यांनी घावली,
खालच्या गावात, कुणाच्या देव्हाऱ्यात.
उदबत्त्या खोचल्या होत्या तिच्यात."

संगणकावर ती तारीख उघडली.
रेघ मारली, घेईना.
'मोजता आले नाही' लिहिलं, घेईना.
लाल अक्षरांत म्हणाला, अंक टाका.
शून्य टाकलं तर लगेच हिरवा झाला.
पुसलं. पुन्हा लाल.
चावडीवरचं नवं यंत्र आपलं आपण फिरत होतं,
त्याला माणूस लागत नाही.

चहा कधीच गार झालेला.
वहीत पुढची ओळ तेवढी वाचली,
दुसऱ्या दिवसाची, त्याच हाताची:
डबा नाही. निरंक.
ऊन चांगलं पडलं.