स्मिट

ऑक्टोबर सरता सरता, कंब्रियाच्या डोंगरउतारावर
इस्थर ब्रॉक्लबँक लाल रंगाचा डबा उघडते.
ऑल्विननं मेंढी गुडघ्यांत दाबून धरलेली.
काठीच्या टोकाला चिंधी, आणि डाव्या खांद्यावरून
एकच ओढ, खाली कोपरापर्यंत.
"स्मिट," ती म्हणते. "ही आमची.
पलीकडच्या थ्रेलकेल्डांची निळी, पाठीवर."

रविवारी हाच शब्द मी चर्चमध्ये ऐकला होता,
जरा लांबवलेला, स्माइट,
जुन्या वळणाच्या इंग्रजीत, देवाच्या हातून:
वीज, गारा, थोरल्या मुलांचे मृत्यू.

हजार वर्षं मागं गेलं तर त्यात घाव नाही.
चोपडणं आहे. माखणं, फासणं, बरबटणं.
हात नेमका कधी उगारला गेला
याचा दाखला मला सापडला नाही.
लोहाराशी त्याचं नातं लोक लावतात, तेही खोटं;
घणाच्या आवाजावरून जुळवलेली सोयरीक.

आणि आपण तरी काय,
भिंतीला चुना मारतो,
कागदावर शिक्का मारतो, डोळासुद्धा मारतो,
कुणी मरत नाही.

इस्थरची आई गोवराला म्हणायची स्मिटल.
लागणारा. दार लावून घे, स्मिटल आहे तो.
दोन हजार एकच्या वसंतात
आईचा तो शब्द खोऱ्यात परत आला,
पांढरे कपडे घालून, बंदुका घेऊन.
चारशे अकरा मेंढ्या.
एकीलाही रोग नव्हता, शेजारी होता.
गोळीआधी एक माणूस
प्रत्येकीचा लाल पट्टा पाहून
पाटीवर रेघ मारत होता.
पाच रेघा, आडवी, पुन्हा पाच.
धूर नऊ दिवस.

त्यावर ती बोलत नाही. मी विचारलं ते एवढंच,
की स्माइटचं भूतकाळी रूप, स्मिटन,
आता फक्त प्रेमात पडलेल्यांसाठीच का वापरतात?

"त्याला विचार," ती म्हणाली, "पाटी त्याच्याच हातात होती."

ऑल्विननं मान वर केली नाही.
पुढची मेंढी ओढली.
"लागलं," म्हणाला.
मला कळलं नाही, रंगाबद्दल की कशाबद्दल.
बाही मनगटापर्यंत लाल होती,
आणि ती जुनीच असावी;
वरचा थर ओला, खालचे कितीतरी
वाळून तडकलेले.