पडद्याचं भाडं

नगर पंचायतीच्या कलादालनात
नाटकांचे एकोणीस पडदे, भिंती चार,
चालू ट्यूबलाइट एक.
म्हणून प्रदर्शनही एकाच पडद्याचं :
जानेवारीत राजवाडा, फेब्रुवारीत तुरुंग,
पुढे अनुदान येईपर्यंत जंगल.

जंगलानं दोन उन्हाळे काढले.

तिकीट पाच रुपये. शाळेला दोन.
बोरकुटे मॅडम बेचाळीस पोरं घेऊन आल्या,
त्या चौऱ्याऐंशीत डांबरगोळ्या, एक झाडू,
उरलेल्यात मी चहा प्यायलो.
वहीत तसंच लिहिलंय.

धान निघालं, मंडई भरली,
तसा वडशाकडचा कंपनीवाला दारात :
"जंगल द्या ना जी एका रातीसाठी. हजार देतो."
नियमात बसत नव्हतं.
वीजबिल नऊशे चाळीस होतं.

सकाळी भिंतीवर नुसते खिळे
आणि पडद्याएवढा, न विटलेला चुना.
उकरू गेडाम आला. पाच रुपये मोजले,
भिंतीसमोर मांडी घालून बसला.
म्हटलं, बाबा, पडदा भाड्यानं गेलाय.
"मालूम हाय. रातभर तिथंच होतो.
या झाडामागं लपलो होतो मी, सत्तरच्या साली,
तलवार घेऊन. एन्ट्री चुकली माही."
बोट कोऱ्या चुन्यावर,
डावीकडून तिसरं झाड.

दुपारी जंगल ट्रॅक्टरनं परतलं.
काठाला चिखल, एका सागावर खर्र्याची पिचकारी.
पुसायला घेतली, मग राहू दिली.
तिसऱ्या झाडामागं हळूच पाहिलं.

वहीत जमा : एक हजार पाच.