शिरोरेघ

दांडिया बाजारात चाळीस वर्षं
दुसऱ्यांची नावं लिहिली मी.
वकील, दाताचे डॉक्टर, साडी सेंटर,
आणि खाली कोपऱ्यात, मुंगीएवढं
माझं : मोहिते पेंटर.

मग एका मंगळवारी उजवा हात
खांद्यापासून खाली निघून गेला.
म्हणजे होता तिथेच,
पण बसमध्ये शेजारी बसलेल्या
अनोळखी माणसासारखा.

बँकेत सही जुळेना.
पोरगेला कारकून, शाईचा पॅड पुढे सरकवून म्हणाला,
अंगूठो चालशे, काका.
अंगठा!
मी पॅडकडे पाहत राहिलो.
त्याच्या मागच्या भिंतीवरचा 'रोकड' शब्द
माझ्याच हातचा होता.

नातीची जुनी पाटी मागून घेतली.
सकाळी सहाला, नळाला पाणी यायच्या आधी,
डाव्या हातानं एक ओळ.
एवढंच ठरवलं. दोन नाहीत.
ठरवण्याचा माझा अनुभव दांडगा आहे :
विडी सोडायचं दर पाडव्याला ठरायचं
आणि विडी श्रीखंड-पुरी जेवून
संध्याकाळी परत यायची.
म्हणून या वेळी कोणाला बोललो नाही.
कुमुदला वाटलं, दूधवाल्याचा हिशेब मांडतोय.

पहिला महिना नुसती उभी रेघ.
उभी म्हणजे, दारू प्यालेला
पोलिसासमोर उभा राहतो तशी.

मग गुजराती घेतली.
गुजराती अक्षरांना माथ्यावर रेघ नसते,
बोडक्या डोक्यानं हिंडतात ती,
धक्का लागला तरी कुणाची टोपी पडत नाही.
मराठीचं तसं नाही.
अक्षरं झाली की वरून एक सरळ ओढायची,
सगळा शब्द एका दांडीवर वाळत घालायचा.
तीच येईना.
अर्ध्यात पोचली की हात
काहीतरी आठवल्यासारखा थांबायचा.

उत्तरायणाला सुट्टी घेतली, चार दिवस.
गच्चीवर उंधियू, आभाळभर पतंग,
मुलगा म्हणाला, बाबा, फिरकी धरा.
धरली डाव्या हातात. मजा आली, खोटं कशाला बोलू?
पाचव्या दिवशी पाटी घेतली तर
'म'नं ओळखच दाखवली नाही.

रागावलो नाही.
राग उजव्या हाताचा होता, रंगाचे डबे फेकायचा.
डाव्याला अजून फेकता येत नाही.
पुन्हा उभ्या रेघेपासून.

शेजारचे रमणीकभाई म्हणतात, तुमची जिद्द भारी.
मी जिद्द पाहिलेली नाही.
मी पाहिलं ते ओलं फडकं,
रोज सकाळी कालचं पुसणारं.
पाटीचा हाच जाच आहे :
काल किती झालं ते ती सांगत नाही.
काळी, कोरी, पुन्हा पुढ्यात.
काही सकाळी तर मी नुसता बसलो
पेन्सिल धरून, नळाचं पाणी येईपर्यंत,
आणि तेही ओळीत मोजलं.
मोजायला नको होतं कदाचित.

बँकेत परवा नवी सही दिली.
कारकुनानं मान वर न करता शिक्का मारला.
बाहेर येऊन सूरसागरच्या कठड्याशी
उगाच दहा मिनिटं उभा राहिलो.

आज घराच्या दारावरची पाटी रंगवली.
चार इंची पत्रा, पांढरा हात, वर निळं :
मोहिते.
'मो' बरा. 'ते' तर फक्कड.
'हि'वर मात्र रेघ जरा खाली वाकली,
ओझं घेऊन जिना चढताना
मधल्या पायरीवर माणूस वाकतो तशी.

कुमुद चष्मा लावून बघत राहिली.
म्हणाली, पुसून परत काढा की.
म्हटलं, तेलरंग आहे, पुसत नाही.

ब्रश रॉकेलमध्ये बुडवून ठेवला.
फडकं ओलं करून पाटीवर टाकलं.
सहाचा गजर तिनंच लावला,
न विचारता.