झाकली मूठ

तार्तूला डिसेंबरात दुपारी साडेतीनलाच अंधारतं.
लीलो चहाचं पाणी ठेवते.
मधमाशीपाळ संघाच्या संकेतस्थळावर
आज पुन्हा अडतीस जणांनी
स्वस्त गोळ्या, स्वस्त घड्याळं, स्वस्त प्रेम देऊ केलंय.

राखणदार तिनं फुकट आणला होता.
सोबत परवाना: वाचा, बदला, वाटा,
पुढच्यालाही हेच करू द्या.
कागद स्वच्छ, शुद्धलेखनाची एक चूक नाही.
आणि राखणदाराच्या पोटात
एकच ओळ, नऊ हजार अक्षरांची,
ना शेंडा ना बुडखा,
नावं सगळी अ, अअ, अअअ,
शब्द न तोडता धावत सुटलेली मोडी जशी;
फक्त इथला कारकून घाईत नव्हता.

तिनं माँटेव्हिडिओला पत्र टाकलं.
एवारिस्तोचं उत्तर:
वाचू दिलंय की. समजेल असं कुठं म्हटलंय?
शिवाय चोरही वाचतात, बाई.
कुलुपाचा नकाशा दारावर चिकटवू का?

लीलोला ते पटलं. हीच पंचाईत.
पाणी उकळलं, आटलं.

मग ते वाक्य आठवलं
ज्याच्यावरून सगळ्यांचे डोळे घसरतात:
मूळ म्हणजे ते रूप,
ज्यात बदल करायला लिहिणारा स्वतः बसतो.
तू या नऊ हजारांत हात घालतोस, एवारिस्तो?
की फडताळात दुसरी वही आहे?

उत्तर नाही. तिकडे उन्हाळा.

तीन रात्री ती उसवत बसली,
जुन्या मोज्याची लोकर सोडवावी तशी.
अ ला नाव दिलं. अअ ला दिलं.
हाती आलं ते एवढंसं:
अर्जात एक रकाना, माणसांना न दिसणारा.
यंत्र अधाशी, दिसेल ते भरतं, सापडतं.
सव्वा लाखाच्या मुठीत
रिकामा चौकोन.

पण चौकोनाला नाव होतं.
बाकी सगळी पुसली गेली,
अवतरणचिन्हांतलं तेवढं वाचलं होतं: तारू.
आपल्याकडे गलबत. तिच्या भाषेत मधमाशांची पेटी.
हा शब्द माँटेव्हिडिओत कोणाच्या तोंडी असणार?

उर्वे. मागच्या बाकावरची.
पंधरा वर्षांपूर्वी तिनं हे असंच वाटून टाकलेलं,
अट एकच, वरच्या ओळीत नाव राहू द्या.

रात्री अकराला फोन.
मागे कुत्रं भुंकतंय, कोणीतरी नळ बंद करतंय.
लीलो चोरी सांगते, परवाना सांगते, कलमं सांगते.
उर्वे मध्येच:
थांब, थांब.
तो रकाना अजून चालतो?