सुई उचलल्यावर

ऑक्टोबरात युलिशचा साखर कारखाना सुरू होतो
आणि सगळ्या गावाला बिटाचा वास येतो,
गोडसर, मातकट, भिजल्या पोत्यासारखा.
आमच्या दारापर्यंत येतो तो. आत येत नाही.
आत पंख्यांची घरघर, हवेच्या उशांवर तोललेलं जड टेबल
आणि मी. तीन आठवडे
टँटलम ऑक्साइडची नाडी बघत बसलेली.

नाडी म्हणजे उगाच म्हणायचं.
ती आपण बघत नाही, आपणच देतो:
शंभर नॅनोसेकंदांची एक टिचकी.
एक व्होल्ट, म्हणजे उघड.
उलटा दीड, म्हणजे मीट.
आणि मग एक दशांश व्होल्ट, दबक्या आवाजात,
उघडा आहेस की मिटलेला?
मोठ्यानं विचारलं तर
विचारण्यानंच उत्तर बदलतं.
एवढं मला पहिल्याच वर्षी शिकवलं होतं.

प्रत्येक टिचकीच्या तोंडाशी
आलेखावर एक काटा उभा राहायचा,
सरळ, सुरेख, जवळजवळ एक मिलिअँपिअरचा.
मी म्हटलं, हाच तो क्षण.
ऑक्सिजनच्या रिकाम्या जागा सरकताहेत,
आत एक धागा विणला जातोय, आणि मी तो
विणला जाताना पाहते आहे.
काट्याला नाव दिलं. पोस्टरवर लाल रंग दिला.
प्रोफेसर हेल्विगबाईंनी त्याच्या शेजारी
पेन्सिलीनं उद्गारचिन्ह काढलं.
त्या कुणाला सहजासहजी उद्गारचिन्ह देत नाहीत.

गुरुवारी गेरोल्ड निसेन आला,
आमचा तंत्रज्ञ, नायट्रोजनचा नळ तपासायला.
खिशात ज्येष्ठमधाच्या काळ्या गोळ्या, एक तोंडात.
पडद्याकडे बघत राहिला. गोळी विरघळेपर्यंत.
मग म्हणाला,
"सुई उचल, वीबके."

म्हणजे?

"नमुन्यावरून उचल. आणि आता दे."

मी चकती फिरवली.
सूक्ष्मदर्शकात सुईचं टोक धूसर झालं.
तिच्या आणि प्लॅटिनमच्या चौकोनाच्या मध्ये
आता केसभर हवा होती, दुसरं काही नाही.

टिचकी दिली.
काटा आला.

तोच. तेवढाच उंच, तसाच सुरेख.
अकरा वेळा दिली मी.
अकराही वेळा हवेला सगळं आठवत होतं.

"केबल आहे ती," निसेन म्हणाला,
"आधी स्वतः भरून घेते, मग पुढे देते.
भुकेली असते. तिचा दोष नाही."

पाणी मुरत होतं ते इथे.
काट्याचा नायटा होतो असं म्हणतात,
मी काट्याचा प्रबंध केला होता.
चाळीस पानं, तळटीपांसकट,
दीड मीटर वायरीचं चरित्र.

त्यानं गोळी पुढे केली. खारट होती.
मग त्यानं ड्रॉवरमधून वीतभर केबल काढली,
जमिनीची सुई शेजारी आणून टेकवली,
आणि म्हणाला, आधी हवेचा आलेख घे,
मग त्याचा, मग हवा वजा कर.

वजा केली.
काटा गेला. वाटलं, सगळंच गेलं.
मग तीस नॅनोसेकंदांनंतर, उशिरा,
गोंगाटाच्या गवतातून
एक फुगवटा डोकं वर काढत होता,
बुटका, तिरपा, कुणी लाल रंग देणार नाही असा.

"हा त्याचा," निसेन म्हणाला,
आणि नायट्रोजन राहिलाच की, असं पुटपुटत गेला.

मी हेल्विगबाईंना तीन वाक्यांचं पत्र लिहिलं.
पाठवायला एक तास लावला.
उत्तरात एकच शब्द आला, "बरं."
त्यापुढे कुठलंच चिन्ह नव्हतं, पूर्णविरामसुद्धा.

पोस्टर अजून मार्गिकेत आहे, काचेआड,
कारण चौकटीची किल्ली ज्याच्याकडे असते
तो बोर्कुम बेटावर सुट्टीला गेलाय.
येणारेजाणारे थांबतात. किती देखणा काटा, म्हणतात.
मी काचेवर पिवळी चिठ्ठी लावली आहे:
ही केबल आहे.
तरी थांबतात.

वहीत आता पहिला रकाना हवेचा असतो.
आज त्यात सतरा ओळी झाल्या.
नमुन्याला अजून हात लावलेला नाही.