चालेल

देवासहून आला तेव्हा शर्विलकडे शाळेचं दप्तर होतं
आणि एक शब्द : चालेल.
पोहे की उपमा? चालेल.
खिडकीशी झोपतोस की आत? चालेल.
दिवा घालवू? इथे जरा थांबला,
मग म्हणाला, चालेल.

सात वर्षांचा मुलगा
आपलं ताट घासून पालथं घालतो,
चादरीची घडी दुकानातल्यासारखी.
शेजारच्या बिडवईकाकू म्हणतात, किती गुणी हो तुमचा भाचा!
मी मान डोलावते.
मीही फार गुणी होते.

लोकमान्य नगरातल्या या दोन खोल्यांत
नर्मदा येते एक दिवसाआड.
पहाटे नळ आधी नुसता वारा ओकतो,
पाईप थडथडतात,
आणि हा अंथरुणात ताठ बसलेला,
पायांत चपला.
चपला घालूनच झोपतो.
पहिल्या रात्री मी हळूच काढल्या होत्या,
सकाळी पाहिलं तर पुन्हा पायांत.
मग नाद सोडला.
चादरी तेवढ्या जास्त धुते.

कुलपात किल्ली किती वेळ चाचपडते
त्यावरून आत येणारा किती प्यालाय ते कळतं,
ही विद्या त्याला पाचव्या वर्षी आली.
मला सहाव्या.
सुनेत्रा धाकटी, तिला मीच शिकवलं :
एकदा खडखडलं तर पुस्तक उघडायचं,
तीनदा खडखडलं तर पलंगाखाली.
पुढे मी वीज मंडळात लागले,
इथे खोली घेतली,
आणि तिला तिथेच, पलंगाखाली, ठेवून आले.
असं कोणी म्हणत नाही.
सगळे म्हणतात, मोठीनं नाव काढलं.

तिला नवरा मिळाला तोही तीन खडखडींचा.
आता ती इस्पितळात आहे.
दर गुरुवारी मी याला घेऊन जाते.
ती हात पुढे करते,
हा दाराजवळच्या खुर्चीत बसून
तिच्या नखांकडे बघतो.
बरा आहेस ना रे? ती विचारते.
हो, म्हणतो. तू लवकर नाही आलीस तरी चालेल.

मी कुलपात शिलाईमशीनचं तेल सोडते.
कोपऱ्यावरूनच स्कूटरचा हॉर्न दोनदा,
जिन्यात हाक, मीच आहे रे,
मग एका फेऱ्यात दार.
आठ महिने. एकदाही चुकले नाही.
एकदाही तो दाराशी धावत आला नाही.

आणि या रविवारी
कचऱ्याची गाडी गाणं वाजवत खालून गेली,
मी पोह्यांवर शेव, वर जिरावण भुरभुरलं,
ताट पुढे ठेवलं.
नको, म्हणाला.
काय?
बडीशेप असते यात. मला नाही आवडत.
आधीपण नव्हती आवडत!
आणि ताट उडालं.

स्टीलचं ताट फरशीवर बराच वेळ फिरतं.
ते फिरत होतं तोवर
आम्ही दोघंही दाराकडे बघत होतो.

दारातून कोणी आलं नाही.

मग तो पलंगाखाली गेला.
मी पोहे गोळा केले, फडकं मारलं,
आणि पलंगाशेजारी फरशीवर बसून
कढईतल्या उरलेल्या पोह्यांतली बडीशेप वेचायला घेतली.
एकेक दाणा.
चष्मा शोधायलासुद्धा उठले नाही.
ओरडायला हवं होतं का? माहीत नाही.
आतून श्वास ऐकू येत होता,
पळून आल्यासारखा, मग सावकाश.
आठ महिने, मनात आलं,
आठ महिने दर रविवारी
हा बडीशेप न चावता गिळत होता.

अर्ध्या तासानं एक हात बाहेर आला.
माझ्याकडे नाही, वाटीकडे.

सोमवारी पुन्हा चादरीची घडी.
ताट पालथं.
रात्री पायांत चपला, दोन्ही.
मंगळवारी नळाला पाणी आलं,
बादली भरता भरता मी ओरडून विचारलं,
पोहे करू का रे?
आतून बराच वेळ काही नाही.

मग :
बघू.